नत्थूजींचं शनिवारचं पाणी

आंजी मोठीच्या पुढे एक लहान गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाचतील आणि मग मला दिवसभर फोन घेत बसावं लागेल. त्या गावातल्या शाळेत मी अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. वर्ध्याहून सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. शाळेत येणारा प्रत्येक माणूस, मग तो सरपंच असो की पालक, आधी माझ्या खोलीत येई. नत्थूजी उमाठे मात्र आधी नळाकडे जात. नळ घट्ट बंद आहे का ते पाहत, पाइपाला कान लावत, आणि मग माझ्या दारात येऊन म्हणत, "बरं हाये न मॅडम?"

पहिल्या वेळी मला राग आला होता. माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो, हे त्या गावातल्या पहिलीच्या मुलांनाही माहीत होतं. मी विचारलं, काय काम आहे? ते म्हणाले, काम काही नाही, तुमची टाकी भरून दहा मिनिटं झाली, मोटर बंद करायला सांगा. मी शिपायाला हाक मारली. टाकी खरंच वाहत होती.

नत्थूजींनी तीस वर्षं आर्वीकडे फिल्टर प्लांटवर नोकरी केली होती. नदीचं गढूळ पाणी वाळूच्या मोठमोठ्या हौदांतून गाळून शहराला सोडायचं, त्या हौदांचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी आले, पण व्हॉल्व्ह काही डोक्यातून गेला नाही. उंच, सडपातळ, पांढरा पायजमा, कानावरून घेतलेला दुपट्टा, खांद्याला कापडी थैली आणि थैलीत एक पाना. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवताना वेळ दिसते म्हणे. बोलणं कमी. जे काही बोलत ते पाण्याबद्दल.

एकदा गावात लग्न होतं. पंगत बसली, वरपक्षाकडचा आग्रह चालू होता, आणि नत्थूजी भरल्या ताटावरून उठले. नवरदेवाच्या बापाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भाजीत मीठ कमी पडलं की कोणी काही बोललं, लोक एकमेकांना विचारायला लागले. नत्थूजी मांडवामागे गेले, टँकरचा गळका नळ पान्याने आवळला, हात धुतले आणि परत येऊन त्याच ताटावर बसले. वराच्या बापाला म्हणाले, "आता वाढा." त्यांच्या पत्नी गोकुळाबाई मला सांगत होत्या, की नवऱ्यासोबत कोणाच्या घरी जायची त्यांना लाज वाटते. लोक घरात आले की देवघर पाहतात, हे मोरी पाहतात.

आमच्या शाळेतलं बोअरचं पाणी खारं. भांड्यावर पांढरा थर धरे. खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई रोज कुरकुरत, की तुरीची डाळ तीन तास ठेवली तरी कडकच राहते. नत्थूजींनी एकदा ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, "मॅडम, हे पाणी नाई. हा पातळ चुना होय."

मग शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पैसे जमवून आम्हाला आरओचं मशीन दिलं. त्यांचा पुढारी दिनकर, नागपुरात नोकरीला होता. मशीन बसवायला वर्ध्याचे देवतळे आले. चाळिशीचे, दुरुस्तीची बॅग घेऊन मोटरसायकलवर फिरणारे, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. पोरांनी पहिला ग्लास प्यायला आणि एकमेकांकडे बघून हसली. शेवंताबाईंची डाळ त्या दिवशी वेळेवर शिजली.

नत्थूजी मात्र मशीनच्या मागे उभे होते. मागून एक बारीक नळी निघून नालीत गेली होती आणि तिच्यातून पाणी चाललं होतं. एक बादली गोडं पाणी मिळवायला दोन-अडीच बादल्या नालीत. ज्या माणसाने तीस वर्षं थेंब थेंब राखला, त्याला ते कसं बघवणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी नळी दुमडली आणि तिला तार बांधली. धार जाऊन थेंब थेंब उरला.

आणि आता माझं ऐका. मला इतका आनंद झाला, की मी सव्वीस जानेवारीला त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. माइकवर सांगितलं, पाणी वाचवावं ते नत्थूजींनी, सर्वांनी त्यांचा आदर्श घ्यावा. गावाने घेतला की! ज्यांच्या घरी छोटी मशीनं होती, त्या सगळ्यांनी आपापल्या नळ्या बांधल्या. ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याने माइक हातात घेऊ नये, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

सात महिन्यांनी डाळ पुन्हा शिजेना. शेवंताबाई माझ्या दारात डाव घेऊन उभ्या राहिल्या. देवतळेंना बोलावलं. त्यांनी मशीन उघडून आतलं मेंब्रेन बाहेर काढलं. मेंब्रेन म्हणजे ज्या गुंडाळीतून पाणी गाळून निघतं ती. वर चुन्याचा असा थर, की नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला.

"मेंब्रेन गया काम से, मॅडम," देवतळे म्हणाले. मग मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही नळी कोणी बांधली?"

ते वाया जाणारं पाणी वाया जात नव्हतं, हे त्यांनी मला त्या दिवशी समजावलं. गोडं पाणी एका बाजूने निघालं की मागे सगळा क्षार उरतो. तो क्षार वाहून नेण्यासाठी ती नळी असते. ती बांधली की क्षार आतच बसतो. मी खाली मान घालून ऐकलं. नळी कोणी बांधली या प्रश्नाला मी म्हणाले, बघते. खोटं बोलले असं नाही, पण खरंही बोलले नाही.

दिनकर पुढच्या रविवारी आला. शाळेत पालकांची सभा बसली. तो चिडलेला होता आणि त्याचं चुकत नव्हतं. म्हणाला, आमच्या पोरांनी जमवून दिलेलं मशीन तुम्ही सात महिन्यांत मारलं. आणखी एक देतो, पण हे शेवटचं. हे तीन वर्षं चाललं तर पुढे बोलू, नाही तर आमचा हात दुसऱ्या गावाकडे वळेल. मग त्याने विचारलं, मशीनजवळ रोज कोण असतं? आणि सगळ्यांच्या नजरा शेवंताबाईंकडे वळल्या. कोणीतरी म्हणालंही, की स्वयंपाकवाली आहे, तिला काय कळते, बादली लवकर भरावी म्हणून केलं असेल काहीतरी. शेवंताबाई पदर तोंडाला लावून बसल्या. त्यांची नोकरी ती, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्या.

मी उठायला हवं होतं. मी उठणारच होते, असं मी आजही स्वतःला सांगते. पण माझ्या आधी मागच्या भिंतीजवळून नत्थूजी उठले.

"नळी मीनं बांधली," ते म्हणाले. "शेवंताबाईले काऊन बोलून राह्यले तुमी?"

ज्या माणसाला गाव 'पाणीवाले' म्हणून हाक मारत होतं, त्याच्या तोंडून हे ऐकायची कोणाची तयारी नव्हती.

"तीस वर्सं शहराले पाणी पाजलं, अन् आपल्या गावातल्या लेकरायचं मशीन मीनंच मारलं. दुसरं द्या. ते माह्या हाती द्या. तेही मेलं, तर मले कोणी पाणीवाला म्हणू नका, अन् मीही या शाळेच्या फाटकात पाय ठेवणार नाई."

दिनकरने होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी बसमध्ये वर्ध्यापर्यंत मला माझीच लाज वाटत राहिली.

दुसरं मशीन बसवायला देवतळे आले, तेव्हा नत्थूजी त्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि शाळकरी पोरासारखे एकेक गोष्ट विचारायला लागले. हे काय, ते कायले, हे बंद केलं तर काय होते. देवतळे आधी वैतागले, मग त्यांनाही मजा यायला लागली. मागच्या नळीजवळ एक छोटा निळा व्हॉल्व्ह होता. तो उघडला की पाणी गाळलं न जाता जोराने मेंब्रेनवरून धावतं आणि बसलेला क्षार धुऊन नालीत नेतं. याला फ्लश म्हणतात, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं करायचं, पण करतं कोण, असं देवतळे म्हणाले.

नत्थूजी ताडकन उभे राहिले. कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाप्पा," म्हणाले, "हे तर आमचं बॅकवॉश होय!"

मग त्यांनी आम्हाला सांगितलं. प्लांटवर दर दोन दिवसांनी वाळूच्या हौदात उलटं पाणी सोडून वाळू धुवावी लागे. त्यात खूप पाणी जाई. नवीन लागलेले लोक पाणी वाचवायला धुणं अर्धवट ठेवत, तर नत्थूजी त्यांना शिव्या घालत, की धुवायचं पाणी वाचवशील तर प्यायचं पाणी घालवशील. तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट आपल्याच गावात विसरलो, हे त्यांना मशीनच्या मोलापेक्षा जास्त लागलं होतं. "मोठं असलं का समजते," ते म्हणाले, "लहान असलं का नजरेत येत नाई."

त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? माझ्या त्या भाषणामुळे गावात ज्या ज्या घरी नळ्या बांधल्या होत्या, त्या प्रत्येक घरी ते गेले. दारात उभं राहून सांगत, मीनं चुकीचं केलं, तुमीही माह्यामागं केलं, सोडा. काही लोक हसले. एका म्हाताऱ्याने तर ऐकवलं, की शाल घेताना बरं वाटलं होतं न? नत्थूजी हो म्हणाले आणि त्याच्या मोरीत वाकून तार सोडली. मी असते तर दोन शब्द सुनावून आले असते. मी त्यांच्यासोबत निदान चार घरी गेले, तेवढं तरी केलं.

आणि मग सुरू झाला शनिवार. शनिवारी सकाळची शाळा. पोरं सुटली की नत्थूजी हजर. आधी गोड्या पाण्याची टाकी भरलेली आहे का ते बघणार. मग निळा व्हॉल्व्ह उघडणार, मनगट उलटं करून घड्याळ बघणार आणि दहा मिनिटं कोणाशी बोलणार नाहीत. पंपाचा आवाज बदले, नळीतून धार सुटे. ती धार नालीत नाही, एका मोठ्या ड्रममध्ये. धुणं सोडायचं नाही आणि पाणीही फेकायचं नाही, असा त्यांनी तोडगा काढला होता. ड्रमातलं पाणी संडासाला, फरशीला, खिचडीच्या करपलेल्या गंजाला, म्हणजे पातेल्याला. एका मास्तरांनी उत्साहाने ते पाणी कूलरमध्ये ओतलं, तर त्यांना नत्थूजींनी भर वर्गासमोर झापलं, की कूलरची गवताची ताटी चार दिवसांत क्षाराने दगड होईल.

एका शनिवारी तपासणीला साहेब आले. ऊन चढलेलं, साहेबांना तहान लागलेली. ते सरळ मशीनकडे गेले आणि नळाला ग्लास लावणार, तेवढ्यात नत्थूजींनी घड्याळावरची नजर न काढता तळहात वर केला. "सहा मिनिटं राह्यले." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. पण साहेब उभे राहिले. सहा मिनिटं पूर्ण. मग नत्थूजींनी व्हॉल्व्ह बंद केला, नळाचं पहिलं पाणी सोडून दिलं आणि स्वतःच्या हाताने ग्लास भरून दिला. साहेबांनी तपासणीच्या वहीत पटसंख्येनंतर पाण्याबद्दल अर्धं पान लिहिलं. माझ्या अध्यापनाबद्दल दोन ओळी होत्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद, मशीन बंद. मी म्हटलं, आता तरी आराम करा. विदर्भातला मे महिना, बाहेर कुत्रंसुद्धा फिरत नाही. ते म्हणाले, "बसलेलं पाणी अन् बसलेला माणूस, दोघंही खराब होते, मॅडम." दर शनिवारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, किल्ली मागून, शाळेत जाऊन मशीन चालवून, धुऊन येत. एका वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. त्या शनिवारी गोकुळाबाई आल्या. नवऱ्याचं घड्याळ मुठीत घट्ट धरून मशीनसमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, बोलू नका, माझे मिनिटं चुकतील.

मी कधीकधी त्यांच्याकडे बघून विचार करी, की हा माणूस स्वतःला शिक्षा करून घेतोय की काय. पण शिक्षा भोगणारा माणूस इतका खूश दिसत नाही. पंपाचा आवाज साफ झाला की ते मान डोलावत.

बघता बघता तीन वर्षं झाली. माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. दिनकर आणि देवतळे दोघंही आले. देवतळेंच्या बॅगेत नवं कोरं मेंब्रेन होतं. अशा पाण्यावर एक-दीड वर्ष चाललं तरी खूप, असं ते दिनकरला गाडीवर सांगतच आले होते. सगळी शाळा व्हरांड्यात. शेवंताबाई हात पुसत बाहेर आल्या. नत्थूजी खांबाला टेकून उभे, पांढरेफटक. रात्री जेवले नाहीत, असं गोकुळाबाईंनी माझ्या कानात सांगितलं.

देवतळेंनी ग्लासात पाणी घेतलं आणि पाण्यातला क्षार मोजायचं ते पेनसारखं मीटर बुडवलं. हिशेब सोपा होता. आकडा तीन अंकी आला तर मेंब्रेन संपलं. दोन अंकी आला तर जिवंत.

देवतळेंनी मीटर डोळ्यांजवळ नेलं. मग ग्लास ओतला, धुतला, पुन्हा भरला, पुन्हा मीटर बुडवलं.

"दो आकडी," ते म्हणाले. "मॅडम, दोन आकडीच."

पोरं ओरडायला लागली तशी नत्थूजींनी हात वर केला. त्यांना अजून खरं वाटत नव्हतं. मशीनजवळचं नको, म्हणाले, लेकरं जथून पाणी पेते, त्या शेवटल्या नळाचं घ्या. देवतळे गेले. तिथेही दोनच आकडे. आता मात्र शेवंताबाईंना राहवलं नाही. सभेत ज्या बाईच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, ती भर व्हरांड्यात दिनकरला म्हणाली, "आता विचारा न, मशीनजवळ कोण राह्यते म्हणून!"

दिनकर हसला आणि नत्थूजींच्या पाया पडला. नत्थूजींनी त्याला अर्ध्यातच धरलं, आणि तेव्हा मात्र त्यांचे डोळे वाहिले. त्यांनी ते पुसलेही नाहीत. ज्या माणसाला वाहता थेंब बघवत नव्हता, त्याला त्या दिवशी कोणी अडवलं नाही. देवतळेंनी मेंब्रेनचं खोकं न उघडता परत बॅगेत टाकलं. म्हणाले, धंद्यात पहिल्यांदा असं झालं, पण बरं वाटून राह्यलं.

दिनकरच्या मंडळाने आमच्यासाठी म्हणून तिसरं मशीन बाजूला काढून ठेवलं होतं. आम्हाला ते लागलंच नाही. ते पवनारच्या पलीकडच्या एका शाळेला गेलं, आणि तिथल्या कार्यक्रमाला नत्थूजींना पाहुणे म्हणून बोलावलं. मीही गेले. तोवर मी निवृत्त झाले होते, आणि त्यांना जवळून पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

गोकुळाबाईंनी इस्त्री करून दिलेला पायजमा घालून ते खुर्चीत अवघडून बसले होते. तिथल्या गुरुजींनी त्यांची ओळख करून दिली. जलतज्ज्ञ काय, जलदूत काय, आमच्या तालुक्याचं भूषण काय, शब्दांची नुसती खैरात. नत्थूजींचा चेहरा कसनुसा होत गेला. त्यांच्या हातात माइक दिला, तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता धन्यवाद म्हणून बसेल.

ते उभे राहिले. मुलांकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि पाइपाला कान लावताना जसे ताठ होत तसे ताठ झाले.

"मी नत्थू उमाठे," ते म्हणाले. "एक मशीन मीनं मारलं, अन् एक जगवलं. दोन्ही कसं केलं, ते सांगतो."

पाऊण तास बोलले. गुरुजी वही काढून लिहून घेत होते. वर्ध्याची बस येऊन हॉर्न वाजवून निघून गेली, तरी कोणी जागचं उठलं नाही, मीसुद्धा नाही.